अव्वासाठी सोन्याची डबी

॥ श्री ॥

तुळजापूर,
दि. ५ मार्च २०२५

चि. सौ. शिवप्रिया हिस,
राजेश्वरीचे अ. उ. आ.

गुडघ्याच्या ऑपरेशनला आज चौदा दिवस झाले. दीड महिना प्रवास करायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. चौतीस वर्षं मी शाळेत मुलींना शिस्त लावली, तेव्हा आता स्वतः ती मोडायची सोय नाही. नाहीतर तुमच्या गृहप्रवेशाला आले असते. फोनवर माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही हे तू जाणतेस. कानातल्या यंत्रात माणूस कमी आणि खरखर जास्त. म्हणून पत्र लिहीत जा. पोस्टमनलाही जरा काम मिळेल.

परवा प्रेमाबाई देवीच्या दर्शनाला आल्या होत्या. आपल्या नात्यात एवढी खबर ठेवणारी दुसरी बाई नाही. तासभर त्यांनी बसवेशच्या घराचंच वर्णन केलं. लिफ्ट आहे, न्हाणीघरात सोन्याचे नळ आहेत, पडदे मोबाइलवर सरकतात, खोलीखोलीत कॅमेरा. डाळमिल चांगली चालते, माझ्या धाकट्या भावाने हौस केली, ठीक आहे. मी विचारलं, अव्वा कशी आहे? तर म्हणाल्या, अव्वाची खोली म्हणजे राजवाडा. मी पुन्हा विचारलं, खोली नव्हे हो, माझी आई, अव्वा कशी आहे? तेव्हा त्यांना आठवून बघावं लागलं. ते मला लागलं.

अव्वाने माझ्या वाट्याला काढलेल्या पाटल्या मला नकोत, त्यांचं अव्वासाठीच काही करा, असं मी दिवाळीत सांगितलं होतं. त्या आटवून बसवेशने तिच्या गळ्यातल्या इष्टलिंगासाठी सोन्याची डबी घडवली म्हणे. आठव्या वर्षी गुरूंनी तिच्या तळहातावर लिंग दिलं. शहात्तर वर्षं ते चांदीच्या साध्या डबीत तिच्या गळ्यात आहे. रोज सकाळी डाव्या तळव्यावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तिने पाण्याचा घोट घेतलेला मी पाहिलेला नाही. लहानपणी मी तिला विचारलं होतं, अव्वा, तुझी चैन कोणती? घरात तेव्हा सतरा माणसं. ती म्हणाली, पूजेला बसते ती. तेवढ्या वेळात मला कुणी हाक मारत नाही.

तिला नवी डबी आवडली का ते लिही. इथं जो जीव आहे तो तुम्हा सगळ्यांवरच आहे, हे पत्राच्या शेवटी वेगळं लिहायला नको.

तुझी,
राजेश्वरी अक्का


मुरुम,
दि. ११ मार्च २०२५

ती. अक्का यांना,
शिवप्रियाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. नळ सोन्याचे नाहीत, सोनेरी आहेत. प्रेमाबाईंनी चावून बघितले नाहीत एवढंच. लिफ्टचं मात्र खरं आहे. आत एक बाई हिंदीत मजला सांगते. पहिल्या दिवशी अव्वा मला म्हणाल्या, त्या पोरीला कोंडून घातलंय, जेवली का न्हाय ते तरी इचार. आम्ही पोट धरून हसलो.

तुम्ही चैनीवर बोट ठेवणार हे ठाऊक होतं, म्हणून माझी आधीच कबूल करते. स्वयंपाकघरात एसी आहे. तीस वर्षं मे महिन्यात घाम परातीत पडू नये म्हणून मान वाकडी करून मी भाकऱ्या थापल्या. तुम्ही याला उधळपट्टी म्हणणार असाल तर खुशाल म्हणा, मी तो बंद करणार नाही.

आता डबीचं. शिवरात्रीचं पारणं आणि गृहप्रवेश एकाच दिवशी केला. हुग्गीचं, गव्हाच्या खिरीचं जेवण झालं. चारचौघांसमोर यांनी जुन्या डबीतून लिंग काढून सोन्याच्या डबीत ठेवलं आणि अव्वांच्या गळ्यात घातलं. डबी फार देखणी, वर नंदी कोरलेला. पण झाकण दाबून बसवावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला ते उघडेना. मी ओढलं, यांनी ओढलं, शेवटी हे गाडी काढून सोलापूरला सोनाराकडे गेले. असू दे म्हणून चांदीची डबीही नेली. अव्वा दिवसभर पाण्यावाचून बसून होत्या. दिवेलागणीला हे परत आले ते चांदीची डबी घेऊन. म्हणाले, बाजारात गळ्यातलं ओढून नेतात, सोनं तिजोरीत राहू दे, रोजच्याला चांदीच बरी. मलाही पटलं.

अव्वांनी लिंग हातावर घेतलं आणि बघत राहिल्या. इतका वेळ, की मला वाटलं बसल्याबसल्या डोळा लागला. मग डबी मिटली आणि भूक नाही म्हणाल्या. तेव्हापासून जेवण जरा कमीच आहे. ऊन वाढलंय, त्याचं असेल. त्यांच्यासाठी म्हाळसाबाई म्हणून एक बाई ठेवली आहे. पलंगावरून पाय खाली टाकायची गरज पडत नाही त्यांना.

रागवायचं ते रागवा, पण उत्तर लवकर पाठवा. तुमच्या रागाची आम्हाला सवय आहे, अबोल्याची नाही.

आपली,
शिवप्रिया


तुळजापूर,
दि. १६ मार्च २०२५

चि. सौ. शिवप्रिया हिस,
अ. उ. आ.

तुझा एसी मला मान्य आहे. बाई जिथं राबते तिथं गारवा असणं ही चैन नव्हे, ती तीस वर्षं उशिरा आलेली सोय आहे. पण म्हातारीला पलंगावरून पाय खाली टाकावा लागत नाही, हे तू कौतुकाने लिहिलंस. माझ्या शेजारी फिजिओथेरपीवाला रोज ओरडतोय की बाई पाय टाका, नाहीतर पाय जाईल. माझ्यासाठी जे औषध ते तिच्यासाठी त्रास कसं? आणि गळ्यात घालायची वस्तू तिजोरीत ठेवायची वेळ आली, म्हणजे ती घडवली कुणासाठी, हे बसवेशला विचार.

जेवण जरा कमी म्हणजे किती? मला गोलगोल उत्तरं चालत नाहीत. अर्धी भाकरी की चतकोर? ताट कोण वाढतं, ती कुठं बसते, कुणाशी बोलते, पूजेला किती वेळ लागतो, हे नीट बघून लिही. खोलीतला गारवा बंद कर. सकाळी तिला खाली अंगणात आण. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी दे. अव्वाने कधी अन्नाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. बाहत्तरच्या दुष्काळात अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी तिने आम्हाला हसत खायला लावली होती.

माझ्या मनात काहीतरी वाईट येतंय आणि मला ते नीट धरता येत नाही. मायेत कमीजास्त करू नकोस, आणि खरं लिहिण्यात तर मुळीच नको.

राजेश्वरी अक्का


मुरुम,
दि. २३ मार्च २०२५

ती. अक्का यांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी पोस्टात न टाकता आमच्या गाडीचे ड्रायव्हर धनाजी यांच्याकडे देते आहे. ते माल पोचवायला तुळजापूरला येतात. तुमच्यासाठी फोनवर मोठ्याने बोलावं लागतं, आणि घरातले कॅमेरे नुसतं बघत नाहीत, ऐकतातही. ते यांच्या मोबाइलला जोडलेत. पूर्वी मला त्याचं काही वाटत नव्हतं.

अक्का, अव्वा जेवत नाहीत. जरा कमी हे मी खोटं लिहिलं होतं, किंवा मला तेव्हा कळलं नव्हतं. दिवसाला संध्याकाळी दोन घोट ताक, बस्स. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. डॉक्टरांनी दोनदा सलाईन लावलं, सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडत नाही. म्हाळसाबाई म्हणते, म्हातारीला भूक लई हाय, माझ्या डब्याकडं बघती, पर घास घेना.

तुम्ही सांगितलंत तसं मी तीन दिवस त्यांच्या खोलीत बसले. दुपारी बाराला ताट येतं. अव्वा स्वतः पलंगावरून उतरतात, कुणाला धरू देत नाहीत. भिंतीवर जिथं कॅमेरा आहे त्याच्या बरोबर समोर जमिनीवर मांडी घालून बसतात आणि ताट पुढे ओढतात. तोंड कॅमेऱ्याकडे. अर्धा तास तशाच बसतात. हात लावत नाहीत, बोलत नाहीत, पापणी हलते तेवढीच. मग ताट बाजूला सरकवतात. रोज. मी बाजूला बसले तर मला म्हणतात, तू मधी येऊ नको. मला त्या खोलीत बसवत नाही आता.

पूजेचं विचारलंत. पूजा होत नाही. सकाळी लिंग डाव्या हातावर घेतात, अंगठ्याने चाचपतात आणि परत ठेवतात. विभूती नाही, बेल नाही. मी म्हटलं, अव्वा, पूजा करा, मग दोन घास खा. तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, कुणाची करू?

हे मी यांना सांगितलं तर माझ्यावरच ओरडले, की म्हातारपणी डोकं ठिकाणावर राहत नाही, तू त्यात पडू नको. दवाखान्यातला पलंग आणला, सोलापूरची आहारतज्ज्ञ आणली, कुठल्या कुठल्या देशांतली फळं पेटीने येतात आणि कुजतात. पण खोलीत पाय ठेवत नाहीत. मिलमध्ये पाठवलेला डबाही हल्ली तसाच परत येतो. एका घरात दोन माणसं उपाशी, आणि फ्रिज तीन.

तुम्ही मोठ्या आहात. काय करू ते सांगा. तुमच्या शब्दाचा आधार असू द्या.

शिवप्रिया


तुळजापूर,
दि. २४ मार्च २०२५

चि. बसवेश यास,
राजेश्वरीचे आशीर्वाद.

धनाजीला मी दारात थांबवलंय, म्हणून थोडक्यात लिहिते.

अव्वाचं लिंग कुठं आहे?

तिच्या गळ्यात आहे असं उत्तर देऊ नकोस. तिच्या गळ्यात काय आहे ते तिला ठाऊक आहे आणि तुलाही. सोलापूरहून तू काय आणलंस आणि काय तिथं ठेवून आलास, ते मला लिही. आपल्यात लिंग अंगावरून गेलेलं माणूस अन्न घेत नाही. तुझी बायको हे विसरली असेल, तिच्या माहेरी एवढं कडक नव्हतं. तू विसरलेला नाहीस. आपल्या आजोबांचं लिंग विहिरीत पडलं तेव्हा ते दोन दिवस काठावर बसून होते. ते वर काढेपर्यंत त्यांनी तोंडात पाणी घेतलं नव्हतं. ही गोष्ट तुला मीच मांडीवर घेऊन सांगितली आहे.

उत्तर आजच दे. तुझ्यावर माया आहे म्हणूनच हा सूर आहे.

राजेश्वरी


मुरुम,
दि. २९ मार्च २०२५

ती. अक्का यांना,
बसवेशचा सा. न. वि. वि.

पाच दिवस लिहायला बसलो आणि उठलो.

सोनाराने झाकणाच्या फटीत पक्कड घातली. मी म्हटलं, जपून. तो म्हणाला, शेठ, रोजचं काम आहे. सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला. झाकण निघालं तेव्हा लिंगावरच्या लेपाची काळी कांती उडालेली आणि आतून उभी चीर. हातात घेतलं तर दोन तुकडे झाले. डबी मीच घट्ट करायला लावली होती. नंदी मोठा हवा होता, म्हणून आतली जागा कमी केली. लिंगाचं माप मी घेतलंच नव्हतं. अव्वा ते काढून देत नव्हती, म्हणून जुन्या डबीवरून अंदाजाने सांगितलं.

बाहेर येऊन त्याच रस्त्यावरच्या पूजेच्या दुकानातून त्या आकाराचं दुसरं घेतलं. दुकानदाराने विचारलं, कुणाच्या लिंगदीक्षेसाठी? मी म्हटलं, शोसाठी. अक्का, मला वाटलं तिला दिसतं कमी, हात थरथरतो, कळणार नाही. तुकडे सोन्याच्या डबीत घालून तिजोरीत ठेवलेत. तिजोरी माझ्या अंगठ्याने उघडते, दुसऱ्या कुणाच्या नाही. म्हणून शिवप्रियाला माहीत नाही.

दुपारी बारा वाजले की ती माझ्यासमोर बसते. मी मिलमध्ये असतो, ती भिंतीकडे बघते, पण ती माझ्यासमोर बसते. मला मोबाइल बघवत नाही आणि बघितल्यावाचून राहवतही नाही.

पण मी मार्ग काढलाय. तीस एप्रिलला बसवजयंती आहे. मोठा मंडप घालतो, एकशे एक जंगमांना जेवण देतो, अव्वाला रथातून मिरवत नेऊन नव्याने दीक्षा देववतो. आख्ख्या तालुक्यात असा सोहळा झाला नसेल. त्या गर्दीत, आनंदात, हळूच सगळं सांगतो. तोवर तुम्ही तिला कळवू नका. एवढा एक महिना मला द्या. तुमच्या आशीर्वादाची मला आज खरी गरज आहे.

आपला,
बसवेश


तुळजापूर,
दि. ३० मार्च २०२५

चि. सौ. शिवप्रिया हिस,
अ. उ. आ.

बसवेशचं पत्र सोबत जोडलं आहे. वाच, आणि मग पुढचं वाच.

महिना तिच्याकडे नाही. तो रथ सजवेल तेव्हा त्यात कोण बसेल, याचा हिशोब त्याने केलेला नाही. लिंग भंगलं तर मठातून जंगम अय्या येतात आणि पुन्हा देतात. त्याला मंडप लागत नाही. एक तांब्या पाणी, विभूती आणि खरं बोलणारा माणूस लागतो. आधी बसवेशने तिला तोंडाने सांगायचं, मग अय्यांना बोलवायचं. हा क्रम चुकवू नका. चोरून दिलेलं ती घेणार नाही. बसवेश ऐकला नाही तर तू सांग. तुझा नवरा आहे, चार दिवस रागवेल. त्याहून जास्त काही होणार नाही.

आता माझंही लिहून टाकते, म्हणजे सगळा दोष एकट्या त्याच्यावर राहणार नाही. पाटल्या मला नकोत हे मी चारचौघांत, जरा मोठ्याने सांगितलं होतं. मला काही लागत नाही, या गोष्टीचा मला फार दिमाख आहे. साधी लुगडी, दोन खोल्या, बटणांचा फोन. अव्वाने त्या दिवशी पाटल्या माझ्या हातात घालून बघितल्या होत्या, आणि मी त्या काढून परत दिल्या. तिचा चेहरा उतरला, तो मी बघितला, आणि तरी माझं मला बरं वाटलं. ती माझी चैन होती. मी त्या घातल्या असत्या तर ही डबी झाली नसती.

वाट बघू नका. आजच.

राजेश्वरी अक्का


मुरुम,
दि. ४ एप्रिल २०२५

ती. अक्का यांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मी यांच्यासमोर ठेवलं. दोन दिवस हे नुसते घरात फिरत होते, तिजोरीपर्यंत जायचे आणि परत. परवा सकाळी मीच म्हटलं, तुम्ही येता की मी जाऊ. तेव्हा गेले. दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन अव्वांच्या पायाशी जमिनीवर बसले. मग नुसता हात पुढे केला.

अव्वांनी तुकडे उचलून कपाळाला लावले. त्यांचे डोळे कोरडे होते. यांना म्हणाल्या, त्याच दिशी कळलंतं रं मला, हातात घेतल्या घेतल्या. यांनी विचारलं, मग बोलली का नाहीस? आम्हाला वाटलं रागवतील. शांतपणे म्हणाल्या, मला उपाशी तू किती दिवस बघू शकतोस, ते बघत होते.

त्यानंतर यांनी भिंतीवरचा कॅमेरा उपटून काढला. पण आता काढून काय.

दुपारी जंगम अय्या एकटेच सायकलवर आले. साधं लिंग, पांढऱ्या कापडात बांधलेलं. अव्वांनी आंघोळ मागितली, अंग पुसून घ्यायला नाही म्हणाल्या. मी आणि म्हाळसाबाईने धरून नेलं. अक्का, त्यांना उचलायला दोघी लागल्या नसत्या. दीक्षा झाली. मग सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी पूजा केली. अर्धा तास आम्ही दाराबाहेर उभे होतो आणि कुणी हाक मारली नाही.

पूजा झाल्यावर ताट मागितलं. मला एवढा आनंद झाला की एक भाकरी तव्यावर असतानाच मी दुसरी थापायला घेतली. त्यांनी ताट घेतलं आणि यांच्यापुढे सरकवलं. खा म्हणाल्या. हे म्हणाले, आधी तू. त्या नुसत्या यांच्याकडे बघत राहिल्या. यांनी खाल्लं. एक भाकरी झाली, दुसरी वाढायला लावली, मग तिसरी. हे रडत होते आणि खात होते, आणि अव्वांनी नजर हलवली नाही. तीन भाकऱ्या संपल्यावर स्वतः आमटीत बुडवून दोन घास घेतले.

ते दोन घास पोटात राहिले नाहीत. काल आंबील दिली, तीही नाही. ताकही नाही. डॉक्टर म्हणतात, शरीराने अन्न ओळखणं सोडलंय, या वयात ते परत शिकवता येतं असं नाही. अव्वा मला म्हणतात, मी खाते गं, मला खायचंय, पर जात न्हाय. आधी खात नव्हत्या तेव्हा मला त्यांची भीती वाटायची. आता मागतात, आणि मला खोलीत जायला धीर होत नाही. दुपारी बाराला आता हे स्वतः ताट घेऊन जातात. त्या यांच्या हाताने घास घेत नाहीत, स्वतःच्या हाताने घेतात, आणि उलटी आली की पुढे कटोरा धरायचं काम यांना देतात.

आज सकाळी तुमचं नाव घेतलं. राजीचे हात बघायचेत म्हणाल्या. पाटल्यांचंच मनात असावं, तुम्हाला जास्त कळेल.

गुडघ्याचं बघू नका आणि डॉक्टरांना विचारू नका. धनाजी हे पत्र देतील आणि गाडी दारात उभी ठेवतील. मागची सीट आडवी केली आहे, पाय सरळ ठेवता येईल. याला उत्तर लिहायला बसू नका, अक्का. या.

शिवप्रिया